खर्पुडीला २०७० सालची जागा कशी मिळवून द्यावी

साहित्य: एक दुर्मिळ वनस्पती, एक लॅपटॉप, न जाणारी वीज आणि डोंगर चढायचा मनापासून कंटाळा. यातली शेवटची गोष्ट तुमच्याकडे नसेल तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही. तुम्ही सरळ बूट घाला आणि निघा.

वनस्पती आपण सेरोपेजिया लॉई घेऊ. सेरोपेजियाच्या जातींना आपल्याकडे खर्पुडी म्हणतात, कंदीलफूलही म्हणतात. त्यांतल्या कित्येक सह्याद्री सोडून जगात कुठेच नाहीत. लॉईला भेटायचं तर हरिश्चंद्रगडाच्या वाटेला लागायचं. पाऊस पडला की जमिनीतल्या कंदाला कोंब फुटतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात फूल येतं. खर्पुडीचं फूल एकदा जवळून बघण्यासारखं असतं. तळाशी फुगा, त्यावर नळी आणि बहुतेक जातींत माथ्यावर पाच पाकळ्यांची टोकं जुळून झालेला छोटासा पिंजरा. नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. चिलटाएवढी माशी आत घसरते आणि केस आडवे येतात म्हणून तिला माघारी फिरता येत नाही. ती आत अडकून पडते, तिला परागपुंज चिकटतात, आणि केस कोमेजले की ती सुटते ते दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा अडकण्यासाठी.

या माशीकडे लक्ष देऊ नका. तिचा नकाशा कुठेच उतरवून मिळत नाही, त्यामुळे पुढच्या कामात तिला जागा नाही.

काम असं आहे. हवा तापतेय, पावसाचं वेळापत्रक बिघडतंय. आज जिथे खर्पुडी आहे तिथे ती २०७०मध्ये तगेल का, आणि तगणार नसेल तर रोपं तयार करून कुठे लावावीत, हे खुर्चीवरून न उठता सांगायचं. शुद्ध मराठीत याला अधिवासाचं प्रतिमान म्हणतात. करणारे सगळे मॉडेल म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पायरी पहिली: पत्ते गोळा करा

वनस्पती आजवर कुठेकुठे सापडली हे मॉडेलला आधी सांगावं लागतं. जुन्या नोंदी वनस्पतिसंग्रहांत, वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर असतात. एकोणिसाव्या शतकातल्या हूकर आणि थॉमसन यांच्या संग्रहाची छापील चिठ्ठी मिळाली तर जपून वाचा. ठिकाण: मलबार, कोकण इत्यादी. गोळा करणारे: स्टॉक्स, लॉ इत्यादी. यातला लॉ म्हणजे मुंबई इलाख्यातला मुलकी अधिकारी. आपल्या खर्पुडीला नाव आहे ते त्याचंच.

आता ‘इत्यादी’चे अक्षांश-रेखांश काढा. नवशिके कोकणाच्या बरोबर मधोमध टाचणी टोचतात. तुम्हीही टोचा, मॉडेल तक्रार करत नाही.

त्यापुढच्या काळातल्या नोंदींत अंश आणि कला दिलेल्या असतात. हरिश्चंद्रगड १९ अंश २३ कला उत्तर, ७३ अंश ४७ कला पूर्व. हे टंकताना घाईघाईत १९.२३ आणि ७३.४७ असं टाकावं. एका अंशात कला साठ असतात, शंभर नाहीत, हे शाळेत शिकलेलं असतं, पण रात्री अकरा वाजता ते कोणाला आठवतं? झाडं गडावरून उठून पस्तीसेक किलोमीटरवर, मुरबाडच्या बाजूला कोकणात उतरतात. मॉडेल लगेच निष्कर्ष काढतं की या वनस्पतीला गडाची थंडी आणि मुरबाडचा उकाडा दोन्ही चालतात, तेव्हा हवामानबदलाची काळजी नको. अशा आनंदाच्या बातम्यांपैकी बऱ्याच साठाच्या हिशेबातून आलेल्या असतात.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर खर्पुडी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. ही चूक लगेच दिसते, म्हणून ती सोज्वळ चूक. मुरबाडची दिसत नाही.

आजकालच्या नोंदी अचूक असतात, फोनच टिपतो. फक्त एकूणच खर्पुडींच्या नोंदी येतात कुठून ते बघा. कास, आंबोली, सिंहगड, महाबळेश्वर. जिथे गाडी जाते आणि चहा मिळतो. ज्या धारेवर जायला दोन तास कारवीतून वाट काढावी लागते, तिथून नोंद येत नाही. मॉडेलला रस्त्यांचा नकाशा दिलात तर ते बिनदिक्कत सांगेल की खर्पुडीला एसटीचा थांबा मानवतो.

पायरी दुसरी: गुण जुळवा

वर्ल्डक्लिम नावाच्या संचात साऱ्या जगाच्या जमिनीचं हवामान फुकट मिळतं. त्यात एकोणीस गुण असतात: वर्षाचं सरासरी तापमान, सर्वांत उष्ण महिन्याचा कमाल पारा, वर्षाचा पाऊस, सर्वांत कोरड्या तिमाहीचा पाऊस वगैरे. पत्रिकेत छत्तीस, इथे एकोणीस, आणि इथेही मुलगा-मुलगी एकमेकांना बघत नाहीत. ज्या दोन गुणांचं एकमेकांशी सूत ०.७च्या वर जुळतं त्यांतला एक काढून टाकायचा असतो. कोणता? जो अहवालात समजावून सांगायला अवघड जाईल तो.

जमिनीची एक चौकट साधारण एक किलोमीटर लांब-रुंद. जगाच्या नकाशावर ही फार बारीक जाळी झाली. आता हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहून ती चौकट पायाखाली अंथरा. एक कोपरा गडाच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या वर. दुसरा कोपरा कड्याखालच्या रानात, काही शे मीटरवर. चौकटीची उंची म्हणजे या दोहोंची सरासरी, आणि ती सरासरी जिथे येते तिथे हवा असते. मॉडेलच्या मते आपली खर्पुडी तिथे राहते, कड्यापासून जरा पुढे, अधांतरी. प्रत्यक्षात ती असते हातभर रुंदीच्या कपारीत, गवताच्या बुंध्याशी, चार बोटं मातीत.

पावसाचंही असंच. चौकटीतला पाऊस मोजलेला नसतो. आसपासच्या हवामान केंद्रांवरून तो अंदाजाने पसरवलेला असतो. देशावरच्या सपाटीवर हा अंदाज चालून जातो. सह्याद्रीत महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि घाट उतरून वाईला आलं की हजाराचाही आकडा गाठत नाही. मध्ये डोंगराची एक कूस ओली असते आणि दुसरी कोरडी. तिथे पर्जन्यमापक नाही, कारण तो ठेवायला आणि रोज वाचायला कोणी राहत नाही. मग दोन आकड्यांमध्ये रेघ ओढली जाते, आणि त्या रेघेवर कुठेतरी आपली वनस्पती येते.

एकोणीस गुणांत सर्वांत उष्ण महिन्याच्या कमाल पाऱ्याला भरपूर वजन पडतं, असं तुम्हाला दिसेल. आलेख सुरेख येतो: पारा चढला की योग्यता घसरली. अहवालात हा आलेख पानभर छापा. मे महिन्यात खर्पुडी जमिनीवर नसतेच, कंद खाली झोपलेला असतो, हे तळटीपेतही लिहू नका. तिचा जीव अडकलेला असतो मृगाचा पाऊस वेळेवर येतो का यात, आणि ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारली तर कातळावरची पातळ माती किती दिवस ओल धरते यात. दडी मोजणारा गुण एकोणिसांत नाही. वर्षाची बेरीज बरोबर आली की झालं.

पायरी तिसरी: परीक्षेत पास व्हा

मॉडेल किती चांगलं ते एयूसी नावाच्या आकड्यावरून ठरतं. ०.५ म्हणजे नाणं उडवल्यासारखं, १ म्हणजे सर्वज्ञ. ०.९च्या वर गेल्याखेरीज कोणाला तोंड दाखवू नये, असा शिरस्ता आहे.

आकडा वाढवायची खात्रीची युक्ती अशी. अभ्यासाचं क्षेत्र म्हणून नगर, पुणे, ठाणे जिल्ह्यांचे डोंगर घेतलेत तर मॉडेलला या धारेपेक्षा ती धार का बरी, हे सांगावं लागेल आणि ते चाचपडेल. म्हणून क्षेत्र अख्खा भारत घ्या. आता त्याला एवढंच ओळखायचंय की हरिश्चंद्रगडची वनस्पती थरच्या वाळवंटात आणि लडाखमध्ये उगवत नाही. हे कोणालाही येतं, मॉडेललाही येतं, आणि आकडा ०.९७च्या घरात जाऊन बसतो. या खोडीबद्दल अभ्यासकांनी २००८मध्येच बजावून ठेवलंय. त्यानंतरही ती जोरात चालू आहे, यावरून तिचा उपयोग लक्षात यावा.

पायरी चौथी: बटण दाबा

मॅक्सेंट उघडा, बटण दाबा, चहा टाका.

हे सॉफ्टवेअर फिलिप्स, अँडरसन आणि शापिरे यांनी २००६मध्ये मांडलेल्या पद्धतीवर चालतं, फुकट आहे, आणि खरं सांगायचं तर फार हुशार आहे. त्याला फक्त ‘आहे’च्या नोंदी लागतात. ‘इथे शोधली, मिळाली नाही’ असं कोणी लिहूनच ठेवत नाही, म्हणून ते आसपासचे दहा हजार ठिपके स्वतःच उचलतं आणि सापडलेल्या जागा त्यांच्याहून कशा वेगळ्या आहेत ते बघतं. ते दहा हजार ठिपके म्हणजे ‘नाही’ नव्हेत, तिथे कोणी गेलेलंच नाही, एवढं ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

चहा संपेपर्यंत नकाशा तयार होतो. शून्य ते एक. ०.८७ दिसलं तर त्याचा अर्थ तिथे वनस्पती असण्याची शक्यता ८७ टक्के असा नसतो. बैठकीत मात्र तोच घेतला जातो.

पायरी पाचवी: भविष्यात जा

भविष्ये अनेक आहेत, हवं ते निवडा. माणसं शहाणी झाली तर एसएसपी १-२.६, अजिबात झाली नाहीत तर एसएसपी ५-८.५. दोन्ही छापायची पद्धत आहे, एक हिरवं, एक लाल. शिवाय हवामानाची प्रारूपं जगभरातल्या बऱ्याच संस्थांनी केलेली आहेत. तापमान वाढणार यावर त्यांचं एकमत आहे. सह्याद्रीच्या एका चौकटीतल्या पावसाचं विचारलंत तर एक म्हणतं वाढेल, दुसरं म्हणतं तितकासा नाही, तिसरं म्हणतं घटेल. सगळ्यांची सरासरी काढा. भांडण मिटतं आणि नकाशा गुळगुळीत होतो.

या पायरीवर मात्र मी थोडा वेळ थट्टा बाजूला ठेवतो, कारण एक हिशेब मॉडेलशिवायही करता येतो आणि त्याने झोप उडते. हजार मीटर चढलं की तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे हवा दोन अंशांनी तापली तर तोच गारवा मिळवायला वनस्पतीला तीनशे मीटर वर सरकायला हवं. हरिश्चंद्रगडाचा माथा १४२४ मीटर. माथ्याजवळच्या झाडाला आता १७२४ मीटरची जागा हवी. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, पंचवीसेक किलोमीटरवर, १६४६ मीटर. वरच्या देवळाच्याही डोक्यावर ऐंशीएक मीटर हवेत गेलं तर जागा मिळते. त्याहून उंच जमीन हवी असेल तर कर्नाटकात चिकमगळूरजवळ मुळ्ळयनगिरी आहे, १९३० मीटर. खर्पुडीच्या बीला कापसासारखे केस असतात, वाऱ्यावर ते उडतं. पण तिथवर नाही.

बहुतेक मॉडेलं इथे येऊन एकच उत्तर देतात, नकाशा पांढरा पडतो. योग्य जागा शिल्लक नाही.

पायरी सहावी: पांढऱ्या नकाशावर विश्वास ठेवू नका (हिरव्यावरही)

मॉडेलला दिलेली माहिती ही वनस्पती कुठे *उरली* आहे याची होती. ती कुठे जगू शकते, हे आपण त्याला सांगितलेलंच नाही. या दोहोंत किती अंतर असतं ते गडावरच्या गुराख्याला विचारा. खर्पुडीचा कंद खाता येतो. गुरं राखणारी पोरं तो उकरून खात आली आहेत. साळिंदराला आणि रानडुकराला त्याचा पत्ता न विचारता कळतो. सपाटीवर गुरांचे खूर आहेत, वणवे आहेत. शेवटी ती सापडते कड्याच्या कपारीत, जिथे शेळीचं तोंड पोचत नाही आणि पोराचा हात पोचत नाही. आपण त्या कपारीचे अक्षांश-रेखांश घेतो, मॉडेलला देतो, आणि ते गंभीरपणे सांगतं: या वनस्पतीला तीव्र उतार आवडतो.

आवडतो कसला, तिथे कोणी येत नाही एवढंच.

याचं एक लांबचं पण चोख उदाहरण अमेरिकेत आहे. टोरेया टॅक्सिफोलिया हे सूचिपर्णी झाड निसर्गात उरलंय ते फ्लोरिडा आणि जॉर्जियाच्या सीमेवर अपालाचिकोला नदीकाठच्या घळींत, आणि तिथेही रोगाने खंगत चाललेलं. फक्त त्या घळींच्या नोंदी मॉडेलला दिल्या तर तिथलंच ऊबदार, दमट हवामान ‘योग्य’ ठरेल. पण सुमारे सहाशे किलोमीटर उत्तरेला, नॉर्थ कॅरोलिनातल्या बिल्टमोर इस्टेटीच्या बागेत १९३०च्या दशकात लावलेली टोरेया गारठ्यात दशकानुदशकं उभी राहिली. त्या बागेतल्या झाडांच्या भरवशावर काही हौशी लोकांनी २००८मध्ये रोपं उत्तरेला नेऊन लावली. परक्या मुलखात झाड नेणं योग्य की नाही, यावर तज्ज्ञांचं अजून भांडण चालू आहे. मला त्यातली बाग महत्त्वाची वाटते. झाड कुठे जगू शकतं हे कोणीतरी ते तिथे लावून बघितल्याखेरीज कळत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या कितीतरी खर्पुडी जोपासल्या. कोल्हापूर म्हणजे गडाचा माथा नव्हे, तिथे कोकणकड्याचं धुकं नाही. तरी कुंडीत कोंब येतो. त्या कुंडीची नोंद मॉडेलमध्ये टाकायला गेलात तर ‘लागवडीतली’ म्हणून गाळली जाते.

पायरी सातवी: नकाशा घडी करून खिशात घाला

मग मॉडेल टाकून द्यायचं का? मुळीच नाही, फक्त त्याला चुकीचा प्रश्न विचारू नये. मादागास्करमध्ये २००३ साली सरड्यांच्या नकाशांवर एक काम प्रसिद्ध झालं. मॉडेलने काही ठिकाणं योग्य म्हणून रंगवली होती, पण तिथे ते सरडे असल्याची नोंद नव्हती. सरळ हिशेबाने ती मॉडेलची चूक. संशोधकांनी त्या चुकांकडे नीट बघितलं आणि तिथल्या शोधातून विज्ञानाला ठाऊक नसलेल्या सात नव्या जाती हाती लागल्या. कुठे चालायला जावं, हे मॉडेल फार चांगलं सांगतं. कुठे खड्डा खणावा हे त्याला विचारू नका.

तेव्हा नकाशावर जिथे रंग गडद आहे आणि नोंद एकही नाही, अशा धारा निवडा. जिथे रंग फिका पण डोंगराची कूस उत्तरेकडे वळलेली आहे, अशाही दोन-चार घ्या, कारण चौकटीला कूस कळत नाही आणि उन्हाला कळते. गड आणि भोवतालचा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याची परवानगी आधी काढा. यासाठी लागणारा वेळ कोणत्याही मॉडेलमध्ये बसत नाही. गावातला एक गुराखी सोबत घ्या. कंद कुठे उकरून संपवला ते त्याच्या आजोबांना माहीत होतं आणि कदाचित त्यालाही आहे.

जाणं ऑगस्टच्या शेवटी ठेवा. फुलाशिवाय खर्पुडी गवतात ओळखू येत नाही आणि फूल असलं तरी पहिल्यांदा दिसत नाहीच. गुडघे टेकून बसा, डोळे गवताच्या उंचीला आणा. माती किती खोल आहे ते काडी खुपसून बघा. पाणी साचतं की निथळतं ते त्याच पावसात कळेल. दुसरी कुठली खर्पुडी तिथे फुललेली दिसली तर एखादं ताजं फूल हलकेच उभं चिरा. आत माशी असेल तर तुमचं अर्धं काम झालं. जी माशी आपण सुरुवातीला गाळली होती, तीच ही.

सापडलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश समाजमाध्यमावर टाकू नका. खर्पुडीचे षौकीन असतात आणि ते खुरपं घेऊन येतात.

पायरी आठवी: लावा, आणि मेलेली मोजा

रोपं बागेतल्या बियांपासून केलेली असावीत, गडावरून उपटून आणलेली नकोत. लावायची पहिल्या पावसानंतर, माती ओली झाली की, एका जागी सगळी नाही. थोडी गडद रंगात, थोडी फिक्यात आणि थोडी कुसीला, जिथे मॉडेल नको म्हणतं तिथे. प्रत्येकाशेजारी खूण करा. अॅल्युमिनियमची पट्टी चालेल, चकाकणारी नको, माकडं नेतात.

ऑक्टोबरात पानं वाळतील. घाबरू नका आणि जाहीरही काही करू नका, कारण मेलेली खर्पुडी आणि झोपलेली खर्पुडी दिवाळीला सारखीच दिसतात. निकाल पुढच्या जुलैत. बऱ्याच खुणांपाशी काही नसेल. काहींपाशी साळिंदराने उकरलेला खड्डा असेल, तो वेगळा लिहा, त्यात हवामानाचा दोष नाही. उरलेल्यांना आणखी एक पावसाळा द्या. त्यानंतरही कोंब आला नाही तर रकान्यात शून्य भरा.

वरिष्ठ म्हणतील, अहवालात जगलेलीच दाखवा. ऐकू नका. मॅक्सेंटला जे कधीच मिळत नाही, ज्याच्याऐवजी ते दहा हजार उसने ठिपके उचलतं, ते हेच. गेलो, लावलं, दोन पावसाळे बघितलं, नाही जगलं. ही शून्यं आणि जगलेल्यांचे एक असे दोन्ही घेऊन मॉडेल पुन्हा चालवा. क्षेत्र या खेपेला तीन जिल्ह्यांपुरतंच ठेवा.

एयूसी घसरेल. घसरू द्या.